शेवटच्या रांगेतला हात

आबा, आज सोमवार. सकाळी आईला कराडच्या स्टँडवर तासगावच्या एसटीत बसवून आलो. चार दिवस थोरल्याकडे जाऊन येते म्हणाली. खिडकीजवळ जागा मिळाली. पिशवी मांडीवर घेऊन बसली. गाडी सुटेपर्यंत मी खाली उभा होतो, पण ती समोरच बघत राहिली. पोरगी शाळेत गेली आहे, ही तिच्या ऑफिसला. कारखान्याचा हंगाम चालू असताना प्रयोगशाळेतून रजा मिळत नाही, तरी मी आजची घेतली आहे. शनिवारी-रविवारी आम्ही सगळे साताऱ्याला आणि सांगलीला फिरायला गेलो होतो, ते तुम्हाला सांगायचं आहे. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं होऊन गेली. मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, तुम्ही होतात तेव्हाही नाही. शेवटी शेवटी आपण पाटीवर लिहून बोलायचो, तेवढंच काय ते लिहिणं.

तुमची नात तुम्ही पाहिली नाही. नववीत आहे. नाक तुमचं घेतलंय असं आई म्हणते. गेल्या वर्षी तिच्या बाई म्हणाल्या, मुलीचं वर्गात लक्ष नसतं, फळ्याकडे तोंड करून काही सांगितलं की हिच्यापर्यंत पोचतच नाही. आम्ही तिला रागावलो, मोबाइल काढून घेतला. मग मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बंद खोलीत बसवून तपासलं आणि मला विचारलं, घरात आणखी कुणाला आहे का. मी म्हटलं, नाही. म्हणजे वडिलांना होतं, पण ते कामामुळे, त्यांचा माइकचा सेट होता. आजोबांनाही होतं, पण ते तोफखान्यात होते. डॉक्टर लिहायचे थांबले. म्हणाले, "बरं. आणि मुलगी काय करते?"

पुढे रक्ताची तपासणी झाली. रक्तातूनच आहे, आबा. आजोबांकडून तुमच्याकडे आणि तुमच्याकडून माझ्यातून तिच्याकडे. भोंग्यांनी थोडं लवकर आणलं असेल, डॉक्टर म्हणाले, पण भोंगे नसते तरी ते येणारच होतं. पोरीचं किती जाईल, किती वर्षांत जाईल, हे आज सांगता येत नाही आणि थांबवताही येत नाही. बारीक, वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. कानामागे मशीन लावा, दर सहा महिन्यांनी दाखवा, बघत राहू. बघत राहण्याचं काम मी रोज करतो. ती पाठमोरी असताना हळू आवाजात हाक मारून बघतो, आणि तिनं वळून पाहिलं नाही की दिवसभर दुसरं काही सुचत नाही. आईला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. कानात पाणी साठलंय, ते जाईपर्यंत मशीन लावायचं, एवढंच म्हटलं होतं.

मला करता येण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी सहल काढली. तिला ऐकू येतंय तोवर जिथं जिथं गाणं होतं तिथं तिला न्यावं, असं डोक्यात आलं. आपल्या घरी सहल म्हणजे तुमचं कामच असायचं. लग्नाच्या आणि जत्रेच्या ऑर्डरीला तुम्ही आम्हाला नेत नव्हतात, पण गाण्याची ऑर्डर असली की टेम्पोत पुढे आई, मागे आम्ही दोघं भाऊ, वायरींच्या वेटोळ्यांवर पोती टाकून बसलेले. सकाळी देऊळ, किल्ला, नदीचा घाट, सांगलीत असलो तर पुलाच्या मधोमध उभं राहून खाली पाणी बघायचं. दुपारी थिएटर. गाण्याला तुम्ही भोंगा कधी लावला नाहीत. "गाण्याला भोंगा म्हंजे दुधात मिठाचा खडा," म्हणायचात. त्यासाठी लाकडी पेट्यांचे वेगळे स्पीकर होते, घरात त्यांच्यावर आमच्यापैकी कुणी टेकलेलं तुम्हाला चालत नसे.

आणि ती तुमची तपासायची पद्धत. जोडणी झाली की तुम्ही आईला घेऊन शेवटच्या रांगेत कोपऱ्यात जाऊन बसायचात. मला रंगमंचावर माइकपुढे उभं करायचात. हॅलो हॅलो म्हणायचं नाही. "हॅलो कुणालाबी कळतंय. आज घरात काय भाजी केली ते सांग. भाजी कळली म्हंजे गाणं कळंल." मग मी त्या रिकाम्या थिएटरात सांगायचो, आज मेथी केली होती आणि एक भाकरी करपली. पार मागे तुमचा हात वर व्हायचा. शेजारी आई पदरानं तोंड झाकून घ्यायची. "घरचं सगळं गावाला सांगतंय गाढव," असं ती म्हणायची ते मला तिच्या हावभावांवरूनच कळायचं. एकदा मी अॅम्प्लिफायरचं बटण पिळून आवाज मोठा केला, तेव्हा तुम्ही मला सगळ्यांदेखत बोललात. "आवाज मोठा केला म्हंजे ऐकू येतंय असं न्हाई रं." एवढंच. पण मी त्यानंतर त्या मशीनला हात लावला नाही.

शनिवारी सकाळी आधी साताऱ्याला गेलो. अजिंक्यताऱ्यावर आता थेट वर गाडी जाते. तुमच्याबरोबर आलो होतो तेव्हा अर्ध्यावर टेम्पो गरम झाला होता आणि आपण चालत गेलो होतो. वर वारा फार होता. पोरीच्या कानातल्या मशीनमध्ये वारा शिरला की नुसतं घोंघावतं, दुसरं काही ऐकू येत नाही. तिनं दोन्ही मशीन काढून डबीत ठेवली आणि ओढणी डोक्याला गुंडाळून पुढे चालायला लागली. खाली सगळं शहर दिसत होतं, गाड्यांचे हॉर्न, कुठल्या तरी शाळेचा बँड, सगळं वर येत होतं, आणि ती त्यातलं काहीही न ऐकता फोटो काढत होती. मंगळाईच्या देवळात आईनं घंटा वाजवली. मी पोरीच्या समोर गेलो आणि विचारलं, "घंटा ऐकू आली?"

"आली."

"मशीनशिवाय?"

ती थांबली. "पप्पा, तुम्ही मघाशी दरवाज्यात विचारलंत. तळ्याजवळ विचारलंत. गाडीत तर दर गाण्याला विचारत होतात. मला आत्ता जे ऐकू येतंय ते शांतपणे ऐकू द्या की." तिची आई मध्ये पडली, "अगं, काळजीनं विचारतात." तर म्हणाली, "मग मनात काळजी करा ना. आणि ओरडू नका. तोंडाकडे बघून बोललात की कळतं मला."

मी दोन पावलं मागे सरलो. तुम्ही बोलला होतात तेव्हा त्या मशीनपासून सरलो होतो तसाच.

दुपारी संग्रहालयात गेलो. तिथं तोफ दिसली तशी आई तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. पोरीला म्हणाली, "असल्याच तोफंनं तुज्या पणज्याचं कान नेलं बग."

"आजी, ही तीनशे वर्षांपूर्वीची आहे."

"आसू दे की. तोफ ती तोफ."

पोरगी खूप हसली. तोफेवर हात ठेवून दोघींनी फोटो काढून घेतला. तो फोटो चांगला आला आहे. त्यात कुणाला काही झालंय असं वाटत नाही.

रात्री साताऱ्यात लॉजवर राहिलो आणि रविवारी पहाटे निघून आधी मिरजेला गेलो. दर्ग्याच्या आवारात उरसाला रात्रभर गाणं चालायचं, तुम्ही आम्हाला पेट्यांच्या मागे सतरंजीवर झोपवायचात आणि मध्येच उठवून, "आता ऐक, आता ऐक," म्हणायचात. मी पोरीला ते आवार दाखवायला नेलं. झाडाखाली दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. बाकी सगळीकडे ऊन. फुलं विकणाऱ्या माणसाला मी विचारलं, आज गाणं वगैरे काही असतं का. तो म्हणाला, "गाना उरूस में होता साहेब. आता काय, कबुतरं ऐका." ही मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुम्ही काही चौकशी केली नव्हती का?" खरंच केली नव्हती. लहानपणी आपण जिथं जिथं गेलो तिथं संध्याकाळी गाणं असायचंच. ते तुमची ऑर्डर असायची म्हणून असायचं, हे पंचेचाळिशीतल्या माणसाच्या लक्षात यायला पाहिजे होतं. मी पोरीला गाणं ऐकवायला निघालो होतो आणि दोन दिवस रिकाम्या जागा दाखवत फिरत होतो.

सांगलीत गणपतीचं दर्शन घेतलं, आयर्विन पुलावर गेलो, भडंग घेतलं. थिएटरला मी जाणारच नव्हतो, पण आई म्हणाली, आलोय तर बघून जाऊ. दार उघडं होतं. कुठल्या तरी शाळेचं स्नेहसंमेलन होतं म्हणून साउंडवाले जोडणी करत होते. वॉचमन म्हणाला, बघा, पण खुर्च्या हलवू नका. खुर्च्या आता नव्या आहेत. एक पोट सुटलेला माणूस रंगमंचावर माइक धरून, "हॅलो, चेक, हॅलो, वन टू," म्हणत होता. आई पदर सावरून म्हणाली, "हॅलोनं काय कळतंय. भाजी सांग म्हनावं त्येला." ती सरळ शेवटच्या रांगेत गेली, कोपऱ्यातली एक खुर्ची सोडून शेजारच्या खुर्चीवर बसली.

तिला तिथं बसलेली पाहिलं आणि मला तो दिवस आठवला. मी पाचवीत असेन. याच थिएटरात माइकपुढे उभा आहे. वांगं केलं होतं आणि मीठ जास्त झालं होतं, असं सांगतोय. तुम्ही मागे बसलेले आहात आणि तुमचा हात वर होत नाही. मी पुन्हा सांगतो. तुम्ही माझ्याकडे बघताय, अगदी नीट बघताय, आणि हात मांडीवरच आहे. मशीनजवळ बसलेला माणूस मला म्हणतो, "आरं येतंय की चांगलं, आनि काय पायजे तुज्या बाला?" मी तिसऱ्यांदा वांगं म्हणतो. तेव्हा आई तुमचं मनगट धरते आणि तुमचा हात वर करते. नंतर पुढच्या प्रत्येक गाण्याला ती तुमच्या शेजारी बसून तुम्हाला कोपरानं ढोसायची आणि मग हात वर व्हायचा. मला वाटतं वर्षभर तसं चाललं.

मग तिनं सेट विकायला लावला. चार दिवस ती जेवली नाही. "कान पायजेत का भोंगं पायजेत ते सांगा," एवढंच म्हणायची. तुम्ही पाचव्या दिवशी पलूसच्या एका मंडपवाल्याला बोलावून आणलंत. टेम्पोत पेट्या चढवताना त्याला सांगत होतात, ह्या आडव्या ठेवू नका, आणि तो हो हो म्हणत आडव्याच ठेवत होता. पुढे तुम्ही तासगावात बेदाण्याच्या शेडवर लागलात. शांत काम म्हणून आईनंच बघून दिलं होतं. तिथं जाळीवर द्राक्षं सुकताना काही आवाज नसतो. आणि त्या शांततेत बसूनही तुमचे कान जातच राहिले. आम्हाला कुणाला त्याचं नवल कसं वाटलं नाही, हे मला आता कळत नाही. आई म्हणायची, इतक्या वर्षांचा आवाज आत साठलाय, तो उतरायला वेळ लागणार. आणि आम्हाला ते पटायचं. आजोबांचं तोफेवर गेलं, तुमचं भोंग्यावर गेलं, प्रत्येकाला ज्याचं त्याचं कारण मिळालं होतं, त्यामुळे दोघांचं एकच असेल हे कुणाच्या मनातही आलं नाही.

पोरगी आईच्या शेजारी जाऊन बसली. मी रांगेच्या टोकाला उभा होतो. आई तिला सांगत होती, "हितंच बसायचं तुजं आज्जं. लय हुशार मानूस. ह्या भोंग्यांनी कान खाल्लं त्यांचं."

पोरगी म्हणाली, "नाही आजी. डॉक्टर म्हणाले ते भोंग्यांमुळे नाही. आबांचं आणि माझं सेम आहे. रक्तातून येतं."

मी मध्ये काही बोलेपर्यंत ते बोलून झालं होतं. पोरीला वाटलं आजीला माहीत असणार. ती उठून पडद्याचा फोटो काढायला पुढे गेली. आई तिच्या पाठीकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "बस हितं." मी कोपऱ्यातल्या त्या रिकाम्या खुर्चीवर बसलो.

"पानी न्हाई व्हय साठलेलं?"

"नाही."

"पोरीनं कवा भोंगा लावला न्हाई."

"नाही."

"मग ह्यांचंबी भोंग्यानं न्हवतं."

मी म्हटलं, "आई, भोंग्यानं थोडं लवकर झालं असेल, डॉक्टर म्हणाले. आणि तेव्हा आपल्याला डॉक्टरनंच सांगितलं होतं ना, सेट बंद करा म्हणून."

"डाक्टर कुटं म्हनला? कंपौंडर म्हनला. डाक्टर जेवाय गेलता." मला ते माहीत नव्हतं. ती हसल्यासारखं काहीतरी करून समोर बघायला लागली. रंगमंचावर कुणीतरी एक जुनी सिनेमाची धून लावली, आवाज कमी-जास्त करून बघत होते. आई म्हणाली, "मी चार दिस जेवले न्हाई रं. त्येंच्या हातातनं काडून घेतलं मी."

मी म्हटलं, तू त्यांच्या भल्यासाठीच केलंस. असं म्हणतात, म्हणून मीही म्हटलं. तिनं ऐकलंच नाही असं केलं. धून थांबली तेव्हा म्हणाली, "त्यास्नी कळलं आसंल का?"

"काय?"

"शेडवर. आवाज न्हाई, काय न्हाई, आनि तरीबी जातंयच. मानसाला कळत न्हाई व्हय? कळलं आसंल. मला बोललं न्हाईत."

तेवढ्यात वॉचमन आला, चला म्हणाला, लोक यायला लागलेत. आम्ही बाहेर पडलो. परतीच्या वाटेत गाडीत कुणी गाणं लावलं नाही. पलूस आलं तेव्हा आई खिडकीतून बाहेर बघत होती. तो मंडपवाला असेल का नसेल, त्या पेट्यांचं काय झालं असेल, हे तिच्या मनात आलं का ते मी विचारलं नाही. माझ्या मनात आलं. पोरगी मागे आजीच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती, कानातली मशीन काढून. आज सकाळी उठल्यावर आई म्हणाली, मला थोरल्याकडे सोड. तिथं तुमचा फोटो आहे, इथं नाही. असं ती बोलली नाही, पण मला दुसरं कारण दिसत नाही.

म्हणून मी तुम्हाला विचारतोय. तुम्हाला कळलं होतं का? पाटीवर तुम्ही एवढंच लिहायचात, चहा, एसटी किती वाजता, थोरल्याला फोन कर. मी तुमच्याकडून कधी जास्त मागितलंही नाही. तिनं तुमच्यासाठी अन्न सोडलं होतं, ते वाया गेलं असं तिला कळू नये म्हणून तुम्ही गप्प राहिलात, असं मला वाटायला लागलं आहे. पण ते मला तसं वाटावं असं वाटतं म्हणूनही असेल. तुम्ही हो म्हणालात तर मी आईला काय सांगणार, आणि नाही म्हणालात तरी काय सांगणार? आणि पोरीला? ती तर काही विचारतच नाही. काल रात्री ती यूट्यूबवर हातांनी बोलायची भाषा शिकत होती, मैत्रिणीला पण शिकवणार आहे म्हणाली. मी दारात उभा राहून बघितलं. एक खूण तिनं तीन-चारदा करून पाहिली. ती कशाची, ते मला विचारता आलं नाही.

मिरजेच्या डॉक्टरांनी मला माझेही कान तपासून घ्यायला सांगितलं होतं. त्याला वर्ष झालं. मी गेलो नाही. फोन मी आता उजव्याच कानाला लावतो. प्रयोगशाळेत कुणी मागून बोललं की अर्धं कळतं. आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीला लागूनच उसाची मिल आहे, रात्रंदिवस धडधडते, त्यामुळे असेल असं मी हिला सांगितलं आहे. तिला ते पटलं. मलाही पटत आलं होतं.

हे पाठवायला पत्ता नाही, आणि आईला वाचून दाखवण्यासारखं यात काही नाही. पोरगी चारला येते, तिला भूक लागलेली असते. ही जाताना कुकर लावून ठेवा म्हणाली होती, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा. मघाशी लावला आहे. इथं टेबलाशी बसून माझ्या भरवशाचं ते काम नाही. आता उठतो आणि गॅसजवळ जाऊन उभा राहतो, शिट्टी उचलली जाताना दिसते.